दोन हातांच्या मधोमध

लेकीनं आधी खांदा घुसवला, मग कोपर, आणि शेवटी अख्खी स्वतः. बाबांचा उजवा हात आणि त्या बाईचा डावा हात एकमेकांत गुंतलेले होते, ते सुटले.

"मी इथं उभी राहते," लेक म्हणाली.

"राहा की," बाई म्हणाली आणि जरा सरकली. "बाबांच्या शेजारी मुलगी. चांगलंच आहे."

तिच्या बोलण्यात राग असता तर लेकीला बरं वाटलं असतं. पण राग नव्हता. उलट त्या बाईनं आपला हात पुढे केला, कारण नाचाच्या रिंगणात उभं राहायचं म्हणजे शेजारच्याचा हात धरायचा, तिथला नियमच तसा होता. लेकीनं तो हात धरला. ओला होता. नखं जांभळट लाल रंगवलेली, आणि पायाखाली घसरायला म्हणून टाकलेली पांढरी पावडर कधीतरी त्या तळव्याला लागून घामात तिचा लगदा झालेला.

देवानं माणसाला नाक दिलं ते वास घ्यायला. या लेकीला मात्र ते निवाडा करायलाच दिलं होतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. स्वच्छ दिसणाऱ्या बोटाचा ठसा काचेच्या थाळीत घेतला आणि थाळी उबेला ठेवली, तर त्यावर काय काय उगवतं, हे तिनं रोज पाहिलेलं. त्यामुळे जगातला कुठलाही हात तिला नुसता हात दिसत नसे. आणि हा हॉल टायरच्या दुकानाच्या माडीवरचा. खालून रबराचा वास, वर बंद खिडक्या, कोपऱ्यात खिळ्याला लटकलेला एकच टॉवेल, जो येईल तो त्यात तोंड पुसून जाणार. पाण्याच्या माठावर एकच पेला. भिंतीकडेच्या म्हाताऱ्यांच्या सदऱ्यांवर पाठीमागे घामाचे नकाशे उमटलेले. पुण्यवान माणसालाही इथं क्षणभर देव आठवला नसता.

ती इथं नाचायला आलीच नव्हती. गेल्या रविवारी बाबा म्हणाले होते, "तुझ्याशी एक बोलायचंय. टाचणीबाईला घरी राहायला बोलवायचं म्हणतोय मी." पुढचं ऐकायला लेक थांबली नाही. ताटावरून उठली, मुलांना चपला घालायला लावल्या आणि निघाली. आईला जाऊन दोन पावसाळेही झाले नव्हते. आणि कोण ही टाचणीबाई? कपडे उसवून परत शिवणारी, तोंडात टाचण्या धरून बोलणारी, म्हणून नाव पडलेलं. बाबांच्या नाचाच्या वर्गातली. बाबांनी जन्मभर बसच्या कारखान्यात इंजिनं उघडली, मिस्त्री म्हणून गावभर मान मिळवला, आणि आता सत्तरी उलटल्यावर त्यांचे हात कुठे गुंतले, तर या लाल नखांत. आठवडाभर तिनं एक वाक्य घोटून घोटून पक्कं केलं होतं. ती घरात आली, तर मी आणि मुलं तुमच्या घराची पायरी चढणार नाही. आज वर्ग संपला की ते बोलायचं आणि विषय मिटवायचा. तोवर ते दोन हात एकमेकांत पाहत भिंतीला टेकून बसणं तिला जमेना, म्हणून ती उठून मध्ये शिरली होती.

"नवीन पॅसेंजर चढलाय," रिंगणाच्या कडेला खुर्चीवर चढून उभा असलेला माणूस ओरडला. हा जुना बस कंडक्टर. नोकरी संपली पण गळा संपला नव्हता, म्हणून नाचाची हाळी देण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. "त्यांच्यासाठी मूळ पाऊल परत एकदा. बाकीच्यांनी उसासे टाकू नका, तुम्हीही एकदा नवीनच होता."

तो हाळी देताना समोरच्या दोघा-तिघांवर बारीक पाऊस पडत होता. त्यांना त्याची सवय झालेली दिसत होती. लेकीला ते पाहवेना.

"डावं पाऊल बाजूला. उजवं त्याच्या मागून. परत डावं बाजूला. आणि उजव्यानं हवेत लाथ. हलकी लाथ बाई, आपण म्हैस हाकलत नाही. गुडघे मऊ ठेवा. ताठ उभं राहायचं ते विजेच्या खांबानं."

भिंतीकडे कुणीतरी खुदकन हसलं. लेकीनं पाऊल टाकलं. बुटाखाली पावडर करकरली.

"हा नाच आपल्या आजोबांच्या वयाचा आहे," कंडक्टर म्हणाला, "आणि त्याचं एकच शास्त्र आहे. पाठ कोणी करायचं नाही. एक पाऊल संपायच्या आत मी पुढचं सांगतो. कान इकडे, पाय तिकडे. ऐकलं की करायचं. पाठ करणारा इथं तोंडावर पडतो. चला, डबल बेल."

तबकडी लागली. पितळी वाद्यांचा एकदम गलका उठला, त्यामागे ढोलाची धावपळ, आणि त्या सगळ्यावर कंडक्टरचा आवाज. रिंगण डावीकडे सरकू लागलं. लेकीला पावलं कळायला वेळ लागला नाही. ती हुशार होती, शाळेपासून. पण कळणं वेगळं आणि सोसणं वेगळं. "कोंबडी" अशी हाळी आली की सगळ्या म्हाताऱ्यांनी माना पुढे काढून दाणे टिपायचे. गळ्याच्या पिशव्या हलायच्या, कवळ्या खटखटायच्या. "बोट" अशी हाळी आली की एक बोट वर नाचवत कमरेतून लचकत पुढे जायचं. बाबांच्या पलीकडच्या चष्मेवाल्या पोस्टमननं ते असं काही केलं की लेकीनं छताकडे पाहिलं. छताला जळमटं होती.

तेवढ्यात उजव्या बाजूनं त्या बाईनं तिचा हात दाबला.

लेकीनं चमकून पाहिलं. बाई समोर बघत नाचत होती, जसं काही झालंच नाही. थोड्या वेळानं परत दाबला, या वेळी लागोपाठ दोनदा. त्या ओल्या तळव्याचा लगदा तिच्या बोटांच्या बेचक्यांत गेला. हे काय चाळे? सलगी करतेय? आधी बापाला हातात घेतलं, आता मुलीला? तिसऱ्यांदा दाबला तेव्हा लेकीनं आपला हात लाकडासारखा कडक केला, म्हणजे काय ते समजेल.

"डावीकडे," कंडक्टर ओरडला.

रिंगण डावीकडे गेलं. बाबा उजवीकडे आले. त्यांचा खांदा लेकीच्या हनुवटीवर आदळला, पलीकडच्या माणसाचा हात सुटला आणि गोल फाटला.

"मिस्त्री, उलटा गिअर पडला," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. बाबाही हसले.

"कोंबडी," हाळी आली. बाबा बोट नाचवू लागले. जरा इकडेतिकडे पाहून त्यांनी मान पुढे काढली, तोवर बाकीचे दुसऱ्या पावलावर गेले होते. लेकीला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा किळस जास्त वाटली. आपला बाप, ज्याच्यासमोर कारखान्याचे साहेब टोपी काढायचे, तो घामाघूम होऊन चुकीच्या वेळी कोंबडी होतोय.

"मिस्त्री आत," कंडक्टर म्हणाला. "चमका जरा."

हे त्या नाचातलं मानाचं. हाळीवाला ज्याचं नाव घेईल त्यानं रिंगणाच्या मध्यात जायचं आणि मनाला येईल ते नाचायचं, आणि बाकीच्यांनी टाळ्या धरायच्या. सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबा जागचे हलले नाहीत. ते कंडक्टरकडे पाहत नव्हते, मध्याकडेही पाहत नव्हते. लेकीच्या डाव्या हातात त्यांचा जो हात होता, त्याच्याकडे ते खाली मान घालून पाहत होते, विहिरीत पडलेल्या वस्तूकडे पाहावं तसे.

"मिस्त्री आज बायकोच्या माहेरी गेल्यासारखे गप्प आहेत," कंडक्टर म्हणाला. "बरं, राहू दे. पोस्टमन, तुम्ही."

तबकडी संपली. दुसरी लावायला कोणीतरी गेलं. हॉलमध्ये नुसता श्वासांचा आवाज उरला. बाबांच्या चेहऱ्यावर एक हसू होतं, गोड, सगळ्यांना चालेल असं. लेकीला ते हसू ओळखीचं वाटलं. रविवारी जेवताना ती प्रयोगशाळेतल्या कटकटी सांगायची तेव्हा ते असेच हसत बसायचे. फोनवर तिनं या बाईचा विषय काढला, कडक शब्दांत काढला, तेव्हाही ते "हो हो, बघू" म्हणाले होते, आणि तिनं रिसिव्हर आपटला होता. इतका निगरगट्टपणा म्हातारपणी येतो तरी कुठून, असं तिला वाटलं होतं.

ती समोर बघत राहिली. मान न वळवता, साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."

बाबा हसतच होते.

"बाबा. नाडी सुटलीय."

पलीकडचा पोस्टमन वाकून स्वतःचे बूट पाहू लागला. बाबांना तिच्या आवाजाचा नव्हे, पण बहुतेक शेजारच्याच्या हालचालीचा पत्ता लागला. ते तिच्याकडे वळले.

"हो हो," ते म्हणाले. "मजा आहे की नाही?"

दुसरी तबकडी सुरू झाली, रिंगण सरकू लागलं, आणि तिच्या उजव्या हातात परत तो दाब आला. एकदा. कंडक्टर नुकताच ओरडला होता, "डावीकडे." मग हाळीपाठोपाठ दोनदा दाब. "उजवीकडे." मग हाळी आली, "थांबा," आणि नख हलकं टोचलं. टाचणीबाई समोर बघत होती. तिच्या कपाळावरून घामाची धार नाकापर्यंत आली होती आणि तिला ती पुसायला हात मोकळा नव्हता.

दाब परत आला तेव्हा लेकीनं तो दुसऱ्या हातानं पुढे दिला.

बाबांची बोटं आधी दचकली. मग तिच्या बोटांभोवती अशी बसली, जसं कुलपात बरोबर किल्ली बसावी. ते डावीकडे निघाले, वेळेवर. दोनदा आलं, दोनदा दिलं, ते उजवीकडे वळले. मुठीत काहीतरी चाळवल्यासारखं आलं, ते लेकीला कळलं नाही, तिनं आंधळेपणानं तसंच पुढे दिलं, आणि बाबांनी मान काढून दाणे टिपले, अगदी हाळीबरोबर. उजव्या हातातून यावं आणि डाव्या हातातून जावं, यात तिचं काही नव्हतंच. नळ जसा मध्ये असतो, तशी ती होती. तळवे मात्र तितकेच ओले, आणि आता एक नाही तर दोन. पण किळस येतेय म्हणून हात सोडावा तर म्हातारा भर रिंगणात पडेल, आणि धरावा तर ही बाई तिच्या अंगातून वाहतेय.

"मिस्त्रींना आज सूर सापडला," कंडक्टर म्हणाला. "आत या, मिस्त्री."

तिच्या उजव्या हाताला ओढ आली. तिनं बाबांना तशीच ओढ दिली आणि हात सोडला. बाबा मध्यात गेले. तिथं त्यांना कोणाची हाळी लागत नव्हती. गुडघे मऊ, पाठ सरळ, आणि पाय असे हलके, की लेकीनं आपल्या जन्मात ते पाय इतके हलके पाहिले नव्हते. जमिनीचं हादरणं तळव्यांना कळत असावं. सगळ्यांनी टाळ्या धरल्या. लेकीनं धरल्या की नाही, तिला नंतर आठवलं नाही.

पाणी प्यायला थांबले तेव्हा बाबा माठाकडे गेले. लेक भिंतीकडच्या बाकावर बसली. टाचणीबाई तिच्याशेजारी बसली, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"कधीपासून?" लेकीनं विचारलं.

"कारखान्यातच सुरुवात झाली असणार. इंजिनांच्या त्या घरघरीत कोणाचे कान टिकलेत? डावा तर गेलाच आहे. उजव्यात थोडं उरलंय, समोर बसून बोललं तर." बाई पदरानं मान पुसत म्हणाली. "मी तोंडात टाचण्या धरून बोलते ना, माझे ओठ हलत नाहीत. त्यामुळे माझं त्यांना कधीच कळेना. एकदा दुकानात भांडले मी, तीन वेळा सांगितलं तरी हा माणूस विजार चुकीच्या मापाचीच मागतोय. तेव्हा कळलं."

"मला का नाही सांगितलं?"

"मिस्त्री सांगणारच होते की रविवारी. अर्धंच बोलणं झालं, तुम्ही उठलात."

लेकीनं माठाकडे, बाबांच्या पाठीकडे पाहिलं.

"आणि ते राहायला यायचं म्हणाल, तर मी अजून हो म्हटलेलं नाही," बाई म्हणाली. "म्हटलं, आधी मुलीला कानाचं सांगा. जो माणूस पोटच्या पोरीपासून लपवतो, त्याच्या घरात मी चूल पेटवणार नाही. तर तयार व्हायच्या आधी किती दिवस म्हणत राहिले, ते नको, दुसरं काहीही सांग."

"मी काय खाणार होते त्यांना?"

टाचणीबाईच्या नखाच्या कडेचा रंग उडाला होता, तिथं ती अंगठ्यानं खरवडत बसली.

"रागावू नका," ती शेवटी म्हणाली. "ते तुमचं कौतुकच करतात. म्हणतात, आईचं तिनं सगळं केलं, हागणं-मुतणं, पाठीच्या जखमा, काही म्हणून कमी ठेवलं नाही. नर्स बाईनं केलं नसतं इतकं. पण म्हणतात, तिचं तोंड. कूस बदलताना दर वेळी आई पोरीला म्हणायची, माफ कर गं. मरेपर्यंत माफीच मागत राहिली. मिस्त्री दारात उभे असायचे. मला म्हणाले, मला काहीही होऊ दे, पण तिनं माझ्याकडे तसं बघायला नको."

खाली टायरच्या दुकानात कोणीतरी हातोडीनं लोखंडी कडं ठोकत होतं. लेक ते ऐकत बसली. तोंडाला मास्क असायचा, असं ती म्हणणार होती. मास्क असताना तोंड दिसतं कुठे? पण डोळे उघडेच असायचे. आणि माफ कर गं म्हटल्यावर आपण काय म्हणायचो, ते आठवायचा तिनं प्रयत्न केला. बोळे बदलायचो. काही म्हणायचो नाही.

बाबा पेला घेऊन आले. त्यांनी एकदा बाईच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा लेकीच्या. इंजिनाचं झाकण न उघडता आत काय बिघडलंय हे ओळखणारा माणूस तो. त्याला कान कशाला हवेत.

"खिडकीचं बघते जरा, उकडून निघतोय सगळे," टाचणीबाई म्हणाली आणि उठून गेली.

बाबा बसले. पेला लेकीला दिला. तिनं तो खाली ठेवला आणि बाकावर वळून बरोबर त्यांच्या समोर तोंड करून बसली, इतकी जवळ की त्यांच्या कपाळावरचे घामाचे थेंब वेगवेगळे दिसत होते.

"बाबा, दवाखान्यात गेला होतात का तुम्ही?"

"हो ह—" त्यांनी अर्ध्यावर तोडलं. ते हसू सुरू झालं होतं, तेही त्यांनी मागे घेतलं. मग बराच वेळ विजारीच्या खिशात हात घालून बसले. हात बाहेर आला तेव्हा त्यात चुरगळलेला रुमाल होता. तो त्यांनी मांडीवर उलगडला.

आत अंगाच्या रंगाचं, घेवड्याच्या दाण्याएवढं कानाचं यंत्र होतं. त्याच्या तोंडाशी पिवळट मळ चिकटून वाळलेला, आणि मळाला रुमालाचे धागे.

"गाणं लागलं की शिट्ट्या मारतं," बाबा म्हणाले. "म्हणून इथं घालत नाही. आणि घरी..."

त्यांनी पुढे सांगितलं नाही. ते यंत्राकडे पाहतच नव्हते. ते लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत होते, बाईच्या ओठांकडे किंवा कंडक्टरच्या तोंडाकडेही त्यांनी कधी पाहिलं नसेल इतक्या लक्षपूर्वक.

आणि लेकीचं नाक चढलं. तिनं चढवलं नाही, ते आपोआपच चढलं, जन्मभर चढत आलं तसं. ओठ आवळला गेला, मान बोटभर मागे गेली. तिला ते कळलं, आणि त्यांना कळलेलंही तिला कळलं. बाबा रुमालाची टोकं गोळा करू लागले.

तिनं रुमाल धरला.

"हे पुसायचं कशानं?" तिनं विचारलं.

बाबांची मान खाली होती. त्यांना ऐकू आलं नाही.

"बाबा, हे पुसायचं कशानं?" तिनं परत विचारलं, इतक्या मोठ्यानं, की माठापाशी उभा असलेला पोस्टमन वळून बघू लागला आणि खिडकीशी झटणारी टाचणीबाई जागच्या जागी थांबली.

बाबांनी वर पाहिलं.

"कोरड्या फडक्यानं," ते म्हणाले. "पाणी लावायचं नाही."

नाक अजून चढलेलंच होतं. तशाच चेहऱ्यानं, त्यांच्यासमोर, लेकीनं ते दोन बोटांत उचललं. खिशातल्या उबेनं ते कोमट झालं होतं.